टचस्क्रीनवर जागेची स्मृती मोजताना बोटाचा हिशेब वेगळा ठेवा

पडद्यावर नऊ चौकोन विखुरलेले आहेत. त्यातले पाच एकामागून एक उजळतात, मग पडदा शांत होतो, आणि समोर बसलेल्या माणसानं तेच पाच चौकोन त्याच क्रमानं बोटानं दाबायचे असतात. सात वर्षांच्या मुलाला हे समजावायला अर्धा मिनिट पुरतो, सत्तरीच्या आजींनाही. ‘कुठे काय होतं’ हे काही सेकंद मनात धरून त्यावर काम करण्याची जी क्षमता, ती म्हणजे जागेची कार्यकारी स्मृती. ती तपासायला टॅबलेट फार सोयीचा आहे, यात शंका नाही. पण सात आणि सत्तर यांचे गुण एकाच आलेखावर मांडायचे असतील, तर एक गोष्ट विसरून चालत नाही. टचस्क्रीनला स्मृती दिसत नाही. बोट कधी आणि कुठे टेकलं एवढंच तिला कळतं, आणि वयाबरोबर बोटही बदलतं.

या चाचणीचं मूळ रूप लाकडी आहे. मॅकगिल विद्यापीठात ब्रेंडा मिल्नर यांच्या मार्गदर्शनाखाली फिलिप कोर्सी यांनी १९७२ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात ती आली. फळीवर वेडेवाकडे बसवलेले नऊ ठोकळे, तपासनिसाच्या बाजूनं त्यांच्यावर आकडे, समोरच्याला फक्त कोरी बाजू. पुढे ज्यानं त्यानं आपापली फळी करून घेतली आणि मापं, वेग, नियम सगळंच पसरत गेलं. २००० मध्ये केसल्स आणि सहकाऱ्यांनी त्याला शिस्त लावली: २०५ मिलिमीटर उंचीची फळी, ३० मिलिमीटरचे घन, सेकंदाला एक ठोकळा, प्रत्येक लांबीचे दोन क्रम, दोन्ही चुकले की चाचणी थांबवायची. टॅबलेटवर ही कोर्सी चाचणी उतरवणारे बरेच जण हेच नियम उचलतात. उचलताना दोन गोष्टी हातून निसटतात.

पहिली म्हणजे तपासनिसाचा हात. लाकडी फळीवर तो हात एका ठोकळ्यावरून दुसऱ्याकडे जाताना दिसतो आणि त्या हालचालीतून मार्गाचा आकार आपोआप मनात उमटतो. पडद्यावर चौकोन नुसता उजळतो आणि विझतो, बिंदू जोडायचं काम बघणाऱ्यावर पडतं. म्हणून लाकडी फळीची वयनिहाय प्रमाणकं, म्हणजे त्या त्या वयाला अपेक्षित गुण, टॅबलेटच्या गुणांना लावू नयेत, दोन्ही आकडे सारखे दिसत असले तरीही.

दुसरी म्हणजे माप. १०.१ इंची पडदा साधारण २१७ × १३६ मिलिमीटरचा असतो. त्यावर पूर्ण फळी मावत नाही. उंची बसवायची तर सगळं ०.६६ पटीनं लहान करावं लागतं आणि ३० मिलिमीटरचा ठोकळा २० मिलिमीटरचा होतो. हे चालतं. पण तीच मांडणी ६.१ इंची फोनवर आडवी टाकली, तर उंची मिळते जेमतेम ६५ मिलिमीटर आणि चौकोन उरतो साडेनऊ मिलिमीटरचा. प्रौढ माणसाच्या बोटाचं पेरच दीड सेंटीमीटरच्या आसपास रुंद असतं. म्हणजे ज्या चौकोनावर बोट ठेवायचं, तो बोटाखाली पूर्ण झाकला जातो. तरुण माणूस बोटाचं टोक तिरकं करून निभावून नेतो. हात कापणाऱ्या माणसाला ते जमत नाही. तेव्हा वयोगटांची तुलना करायची असेल तर फोन बाजूला ठेवा आणि सगळ्यांना एकाच मॉडेलचा टॅबलेट द्या. चौकोन १८ ते २० मिलिमीटरचे, आणि दोन चौकोनांच्या कडांमध्ये निदान १० मिलिमीटर मोकळी जागा.

मापं पिक्सेलमध्ये लिहून ठेवण्याची सवयही इथं नडते. ब्राउझरमध्ये ‘मिलिमीटर’ लिहिलं तरी तो खरा मिलिमीटर नसतो; एका इंचाला ९६ पिक्सेल धरून केलेला तो ठोकताळा असतो. चाचणी ब्राउझरमधून चालवत असाल तर सुरुवातीला पडद्यावर एक आयत दाखवा आणि बँकेचं कार्ड त्यावर ठेवून आयत कार्डाएवढा करून घ्या. ही कार्डं जगभर एकाच मापाची असतात, ८५.६ × ५३.९८ मिलिमीटर. त्यावरून त्या पडद्याचा एक मिलिमीटर म्हणजे किती पिक्सेल हे निघतं. पुढची सगळी मांडणी त्या गुणोत्तरावर बसवायची.

वेळेचं गणित त्यामानानं सोपं आहे. चौकोन ५०० मिलिसेकंद उजळलेला, मग ५०० मिलिसेकंद शांतता. सेकंदाला एक, लाकडी चाचणीसारखंच. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे उजळणं बरोबर ३० फ्रेमचं. साध्या टायमरवर विसंबलात तर एखादा चौकोन एकदोन फ्रेम जास्त रेंगाळतो, म्हणून पडद्याच्या फ्रेमला बांधलेलं घड्याळ वापरा. वेळेच्या नोंदीही उपकरणाच्या तारीख-वेळेवरून घेऊ नका. नेटवर्कवरून वेळ जुळवली गेली की ते घड्याळ मध्येच उडी मारतं आणि दोन स्पर्शांमध्ये उणे वेळ दिसू लागतो. सतत पुढेच सरकणारा अंतर्गत काउंटर प्रत्येक प्रणालीत असतो, तो घ्या. पडदा आणि स्पर्श यांच्यातली उपकरणाची दिरंगाई काही दशक मिलिसेकंदांची असते आणि मॉडेलनुसार बदलते. क्रम बरोबर की चूक हे ठरवायला त्यानं फरक पडत नाही. प्रतिसादाच्या वेळेची तुलना करायची असेल तर मात्र पडतो. एकाच मॉडेलचा आग्रह त्यासाठीही.

रंग निवडताना वयाचा विचार आधी करावा. वाढत्या वयात डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळसर छटा मंद दिसू लागतात. गडद पार्श्वभूमीवर निळा चौकोन फिकट निळा झाला, तर तरुणाला तो बदल ठळक असतो आणि ज्येष्ठाला पुसट. गडद करड्याचा जवळजवळ पांढरा करा. फरक रंगाचा नको, उजेडाचा हवा. आपोआप कमी-जास्त होणारी प्रकाशमानता आणि रात्रीचा पिवळा मोड दोन्ही बंद. ‘आता दाबा’ हा इशारा आवाजानं देत असाल तर स्वर ५०० ते १००० हर्ट्झच्या दरम्यान ठेवा. वयोमानानं ऐकू कमी येऊ लागतं ते वरच्या स्वरांपासून. सोबत डोळ्याला दिसणारी खूणही हवीच, म्हणजे पडद्याची चौकट उजळणं वगैरे.

बोट काय काय करतं

आता मुख्य अडचण. टॅबलेटचा पडदा बोटाच्या विद्युतधारितेवर चालतो. बोटाची त्वचा कोरडी असेल, जी म्हातारपणी बहुतेकांची असते, तर हलका स्पर्श पडद्याला कळतच नाही. हे नोंदीत कसं दिसतं ते पाहा. दाखवलेला क्रम आहे ३-७-१-८-५. आजींनी पाचही चौकोन बरोबर दाबले, पण १ वरचा स्पर्श लागला नाही. नोंद होते ३-७-८-५. प्रणाली पाचव्या स्पर्शाची वाट पाहत थांबते, आजी हात मांडीवर घेऊन बसतात. शेवटी वेळ संपते आणि उत्तर चूक ठरतं. गुणपत्रिकेत ही स्मृतीची चूक आहे. कच्ची नोंद उघडली तर दिसेल की या आजींचे दोन स्पर्श एरवी सात-आठशे मिलिसेकंदांच्या अंतरानं पडतात, आणि ७ व ८ मध्ये जवळजवळ दुप्पट वेळ गेला आहे. त्या फटीत एक स्पर्श हरवला आहे. फक्त ‘बरोबर’ आणि ‘चूक’ साठवलंत तर ही फट कधीच सापडणार नाही.

उपाय साधे आहेत, पण ते सगळ्या वयोगटांना सारखेच लावायला हवेत. चाचणीआधी सगळ्यांनी ओलसर कापडानं बोट पुसून घ्यायचं. पूर्ण कोरडं करायचं नाही. पडद्यावर काच किंवा संरक्षक फिल्म नको. स्पर्श लागला की चौकोन १५० मिलिसेकंद किंचित गडद व्हावा, म्हणजे न लागलेला स्पर्श त्या माणसाला स्वतःलाच कळतो आणि तो पुन्हा दाबतो. शिवाय तपासनिसाच्या हातात एक बटण किंवा साधा कागद असावा: ‘बोट टेकलं, नोंद झाली नाही’ अशी खूण त्या क्षणी करायची. नंतर आठवून केलेल्या खुणांना अर्थ नसतो.

उलट बाजूला दुहेरी स्पर्श. हात थरथरत असेल तर एकाच चौकोनावर ३-७-७-१ असा दोनदा स्पर्श लागतो. कोर्सीच्या क्रमात एकच चौकोन दोनदा येत नसल्यामुळे लागोपाठचा तोच स्पर्श गुण देताना सरळ गाळता येतो. पण गाळायचा गुण देताना. साठवताना तो राहू द्या. त्या माणसाचा हात किती थरथरतो याचा तो एक पुरावा आहे.

स्पर्शाची वेळ कुठल्या क्षणाची, हाही प्रश्न आहे. बरीच तयार बटणं बोट उचललं की नोंद करतात, टेकलं की नाही. तरुण माणूस टेकून लगेच उचलतो. ज्येष्ठ माणूस दाबून धरतो, कारण दाबण्याच्या जुन्या बटणांची सवय. लहान मूल टेकवतं आणि बाजूला घसरवतं; उचलताना बोट चौकोनाबाहेर असेल तर नोंद होतच नाही. म्हणून बोट टेकल्याचा क्षण आणि जागा हेच उत्तर धरावं. उचलल्याची वेळ वेगळी साठवावी. दाबून धरल्यावर उघडणारे मेनू आणि दोन बोटांनी मोठं होणारं चित्र या दोन्ही गोष्टी प्रोग्राममध्ये बंद करायला विसरू नका.

पाच-सहा वर्षांचं मूल टॅबलेटसमोर कसं बसतं तेही पाहण्यासारखं असतं. ते पुढे वाकतं, डावा तळवा पडद्याच्या कडेवर टेकवतं आणि उजव्या हाताची तर्जनी व मधलं बोट एकत्र वापरतं. तळव्याचा स्पर्श पहिला लागतो, मग खरं बोट दुसरा स्पर्श म्हणून येतं, आणि एकावेळी एकच स्पर्श घेणारा प्रोग्राम ते बोट नाकारतो. सगळे स्पर्श ओळखक्रमांकासह नोंदवा आणि चौकोनाच्या आत पडलेला स्पर्श उत्तर म्हणून घ्या. पडद्याची बाहेरची १५ मिलिमीटर पट्टी रिकामी ठेवा. टॅबलेट ३० अंशांच्या आत कललेल्या घट्ट स्टँडवर असला की तळवा टेकवायची गरजही कमी होते. फार उभा ठेवू नका: प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणारे जवळचं खालच्या भागातून पाहतात, त्यांना मान मागे टाकावी लागते.

मुलं घाईही करतात. क्रम संपायच्या आत बोट पुढे येतं, प्रोग्राम तो स्पर्श मुकाट्यानं सोडून देतो आणि मुलाला वाटतं आपलं पहिलं उत्तर देऊन झालं. मग ते दुसऱ्यापासून सुरू करतं. शिवाय हवेत बोट धरून चौकोनांचा माग काढणं ही वेगळीच युक्ती आहे. त्यात लक्षात ठेवण्याचं काही काम हात करतो. दोन्हींवर एकच तोडगा मला सर्वांत भरवशाचा वाटतो: टॅबलेटच्या पुढ्यात, टेबलावर, हाताच्या पंजाचं चित्र काढलेला कागद चिकटवायचा. इशारा होईपर्यंत हात पंजावर. मुलांना हे लगेच कळतं आणि मोठ्यांनाही ते पोरकट वाटत नाही.

स्मृतीशिवायची फेरी

बोटाचा हिशेब वेगळा ठेवायचा म्हणजे तो मोजायला हवा. मुख्य चाचणीआधी एक फेरी घ्या, ज्यात लक्षात ठेवायचं काहीच नाही: एक चौकोन उजळतो, तो दाबायचा, मग पुढचा. नऊ चौकोन प्रत्येकी तीनदा, उलटसुलट क्रमानं, एकूण २७ स्पर्श. एक-दीड मिनिटाचं काम. केंब्रिजमध्ये तयार झालेल्या कॅन्टॅब या संगणकीय चाचणीसंचातही सुरुवातीला अशीच एक छोटी चाचणी असते, पडद्यावर येणाऱ्या फुलीला स्पर्श करायची. या फेरीतून तीन आकडे मिळतात: किती स्पर्श हुकले, चौकोनाच्या मध्यापासून बोट किती मिलिमीटर दूर पडलं, आणि एका स्पर्शाला किती वेळ लागला. मुख्य चाचणीतल्या वेळेतून हा वेळ वजा करून मगच ‘ज्येष्ठ हळू आठवतात’ असं म्हणता येतं. चुकांचा नकाशाही इथेच बनतो: उजव्या हातानं दाबणाऱ्याचा हात खालचे उजवे चौकोन झाकतो, तिथं हुकण्याचं प्रमाण जास्त दिसलं तर ते स्मृतीचं नाही.

२७ पैकी दोनाहून अधिक हुकले तर बोट पुन्हा पुसून फेरी पुन्हा घ्या. तरीही तसंच असेल, तर त्या व्यक्तीनं नुसतं बोट दाखवावं आणि तपासनिसानं पडदा दाबावा. अशा नोंदींवर वेगळी खूण करा. क्रमाचे गुण वापरता येतात, वेळेचे नाही.

हा सगळा त्रास कोर्सीपुरता नाही. कॅन्टॅबच्या जागेच्या कार्यकारी स्मृतीच्या चाचणीत पडद्यावर बंद पेट्या असतात. पेटी दाबून उघडायची आणि लपलेली सोंगटी शोधायची. एकदा जिथं सोंगटी सापडली, त्या पेटीत ती पुन्हा नसते. पेट्या चार, सहा, आठ अशा वाढत जातात. सोंगटी सापडलेल्या पेटीकडे परत जाणं ही एक चूक, आणि एकाच शोधात रिकामी निघालेली पेटी पुन्हा उघडणं ही दुसरी. आता कोरडं बोट किंवा थरथरता हात इथं काय करेल? दुहेरी स्पर्श थेट दुसऱ्या प्रकारच्या चुकीत जमा होऊ शकतो. न लागलेल्या स्पर्शानं उलट होतं: पेटी उघडली नाही, माणूस पुढं गेला, त्याच्या मते ती रिकामी होती, सोंगटी तिथंच राहिली. पेटी पूर्ण उघडून पुन्हा बंद होईपर्यंत दुसरा स्पर्श न घेणं, आणि ती उघडल्याचं ठळक दाखवणं, एवढ्यानं यातला बराच भाग निवळतो.

क्रम, थांबणं, गुण

बरोबर दाबता आलेल्या सर्वांत लांब क्रमाची लांबी म्हणजे स्पॅन. पाच वर्षांच्या मुलाचा तो साधारण तीन-चार, निरोगी तरुणाचा पाच ते सात. त्यामुळे दोनपासून सुरू करून नऊपर्यंत जाणारी शिडी सर्वांना पुरते. पण लहानाकडून मोठ्याकडे चढत जाण्यात ज्येष्ठांवर एक अन्याय आहे. लांब क्रम येईपर्यंत डोक्यात आधीच्या दहाबारा क्रमांचा गाळ साचलेला असतो, आणि जुनं बाजूला सारणं त्यांना जास्त जड जातं. रो, हॅशर आणि टर्कॉट यांनी २००८ मध्ये जागेच्या स्मृतीबाबत दाखवलं की लांब क्रमांपासून सुरुवात करून उतरत आलं की ज्येष्ठांचे गुण सुधारतात. उतरती शिडी पाच वर्षांच्या मुलाला मात्र पहिल्याच क्रमात खचवते. म्हणून सगळ्या वयांना चढती शिडीच द्यावी, दोन क्रमांच्या मध्ये पाच-सहा सेकंदांचा श्वास ठेवावा, आणि ज्येष्ठांच्या निष्कर्षात हा भाग स्पष्ट लिहावा, असं माझं मत आहे.

चौकोनांची मांडणी ३ × ३ च्या जाळीत करू नका. जाळी दिसली की मोठी मुलं आणि प्रौढ तिला फोनच्या आकड्यांसारखं वाचतात आणि ‘एक, सहा, आठ’ असं मनात पुटपुटतात. मग मोजलं जातं ते शब्दांचं पाठांतर. लहान मुलांना ही युक्ती अजून सुचत नाही, त्यामुळे वयोगटांतला फरक फुगतो. वेडीवाकडी मांडणी याला पुष्कळ आळा घालते.

एकाच लांबीचे दोन क्रमही सारखे कठीण नसतात. ज्याचा मार्ग स्वतःलाच छेदतो तो अवघड, लांब पल्ल्याचा मार्गही अवघड. प्रत्येक लांबीला दोनच क्रम असताना प्रोग्रामला ते यादृच्छिक निवडू दिले, तर एखाद्या मुलाला बिनछेदाचे सरळ मार्ग मिळतात आणि दुसऱ्याला तीन-तीन छेद. क्रम आधीच ठरवा, प्रत्येकातले छेद मोजून ठेवा, सर्वांना तेच द्या. पुनर्चाचणीसाठी छेदांची संख्या जुळणारा दुसरा संच तयार ठेवा.

गुणांमध्ये केवळ स्पॅन ठेवू नका. तो पूर्णांक फार जाडाभरडा आहे. केसल्स यांच्या पद्धतीत स्पॅन गुणिले बरोबर क्रमांची संख्या असा एकूण गुण काढतात, तो जरा बारीक फरक दाखवतो. त्याशिवाय योग्य स्थानी दाबलेले चौकोन मोजा. ३-७-१-८-५ ऐवजी ३-७-८-१-५ आलं तर पाचही जागा आठवल्या, फक्त दोघांची अदलाबदल झाली. पाचपैकी तीन स्थानं बरोबर. ३-७-४-८-५ आलं तर एक जागाच हरवली. सर्व-किंवा-शून्य पद्धतीत दोघांना शून्य मिळतं, पण वयाबद्दल काही सांगणारा फरक इथंच असतो.

चाचणी चालू असताना टॅबलेट चार्जरला जोडलेला नसावा. चार्जरचा विद्युत गोंगाट पडद्यावर कोणी हात न लावताही स्पर्श उमटवू शकतो. सूचना बंद, विमान मोड चालू, आणि दुसऱ्या ॲपमध्ये जाता येणार नाही अशा रीतीनं पडदा बांधून ठेवलेला. नोंदीत प्रत्येक स्पर्शाचे मिलिमीटरमधले निर्देशांक, टेकल्याची व उचलल्याची वेळ, चौकोनाबाहेरचे स्पर्श, उपकरणाचं मॉडेल, प्रणालीची आवृत्ती, कुठला हात, चष्मा होता की नाही.

राहिला प्रश्न बिघडलेल्या क्रमाचा: मध्येच सूचना आली, कोणी दार वाजवलं, स्पर्श लागला नाही अशी तपासनिसाची खूण आहे. त्या क्रमाच्या जागी त्याच लांबीचा आणि तेवढ्याच छेदांचा राखीव क्रम लगेच द्यावा, प्रत्येक लांबीला एकदाच. कोणता क्रम बिघडलेला धरायचा याची यादी पहिला माणूस टॅबलेटसमोर बसण्यापूर्वी लिहून झालेली असावी, आणि उत्तर बरोबर आलं असेल तरीही तो क्रम तसाच बाद करावा.